नंबर वाचा, मग वाघिणी जोडा

छोटे रूळ : मॉडेल रेल्वेविषयी वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे सदरलेखक भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते.)

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त लीड्सला असतो. दिवाळीला येताना त्याने माझ्यासाठी ‘ओओ’ या मॉडेल रेल्वेच्या मापाचं एक जुनं वाफेचं इंजिन आणलं. खोका नाही, माहितीपत्रक नाही. काळंभोर, दहा मोठी चाकं, पुढे दोन लहान आणि कॅबवर ९२०९७ हा नंबर. बॉयलरला लागून दोन उभी नळकांडी आहेत, ती याच जातीच्या इतर इंजिनांच्या फोटोंत दिसत नाहीत. मी त्याला माझ्याकडचे तांबडे पॅसेंजर डबे जोडून फिरवतो. भाचा म्हणतो, “मामा, हे डबे याचे नव्हेत.” मग खरं इंजिन ओढायचं तरी काय?
— वि. ग. प., नाशिक रोड

उत्तर : भाच्याचं बरोबर आहे. आणि त्याने तुम्हाला काय आणून दिलंय हे कळल्यावर तुम्ही ते डबे आपणहून सोडवाल.

तुमचं इंजिन ब्रिटिश रेल्वेच्या ‘९एफ’ जातीचं. १९५४ ते १९६० या काळात अशी २५१ इंजिनं बांधली गेली, १९८ क्रूच्या कारखान्यात आणि ५३ स्विंडनच्या. रचना रॉबर्ट रिडल्स यांच्या हाताखालच्या मंडळींची. ‘एफ’ म्हणजे फ्रेट, मालगाडी, आणि नऊ हा ताकदीचा सगळ्यात वरचा वर्ग. म्हणजे हे इंजिन जन्मालाच मालगाडीसाठी आलं. काळा रंग, त्यावर ना रेघ ना नक्षी.

आता ती दोन नळकांडी. ते वेस्टिंगहाउसचे हवेचे पंप. २५१ इंजिनांपैकी फक्त दहांना ते बसवले होते : ९२०६० ते ९२०६६ आणि ९२०९७ ते ९२०९९. तुमचं त्या दहांतलं. ही सगळी इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, टाइन नदीच्या मुखाजवळच्या टाइन डॉक शेडची इंजिनं. त्यांचं मुख्य काम एकच होतं. परदेशातून जहाजाने आलेलं लोहखनिज धक्क्यावरून उचलायचं आणि डोंगरावरच्या कॉन्सेट गावातल्या पोलाद कारखान्यात नेऊन ओतायचं.

पंप नीट पाहा, भिंग घेऊन पाहा. प्रत्येक पंपाचे दोन भाग दिसतील. वरच्या सिलिंडरमध्ये बॉयलरची वाफ येते आणि दट्ट्या वरखाली करते. त्याच दांड्यावर खालच्या सिलिंडरचा दट्ट्या बसवलेला, तो सायकलच्या पंपासारखी हवा दाबून टाकीत भरतो. ज्यांनी शेडमध्ये असा पंप चालू ऐकलाय त्यांना तो ठेका विसरता येणार नाही. इंजिन उभं असतं, चाकं हलत नसतात, आणि बाजूला हा आपला धाप लागल्यासारखा ‘धप्-हुस्स, धप्-हुस्स’ करत असतो.

तुम्ही म्हणाल, हवा ब्रेकसाठी असेल. नाही. ती वाघिणींची, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची, दारं उघडण्यासाठी होती. या कामासाठी ५६ टन खनिज मावेल अशा, बोग्यांवर (चाकांच्या वेगळ्या सांगाड्यांवर) बसवलेल्या मोठ्या हॉपर, म्हणजे खालून रिकाम्या होणाऱ्या, वाघिणी खास बांधून घेतल्या होत्या. इंजिनापासून रबरी नळ्यांनी हवा गाडीभर खेळवलेली असे. कॉन्सेटला गाडी उंच बांधलेल्या रुळांवर जाऊन उभी राहिली, की हवेच्या जोरावर सगळ्या वाघिणींची दारं एकदम उघडत आणि खनिज खालच्या कोठारात कोसळे. फावडं नाही, माणसांची फौज नाही, वाघीण उलटी करणारं यंत्र नाही. गाडी रिकामी करून लगेच परत. ज्या कारखान्याची भट्टी रात्रंदिवस पेटलेली ठेवायची, त्याला खनिज वेळेवर पोचणं हे जगण्याइतकंच गरजेचं. म्हणून या दहा इंजिनांवर दोन-दोन पंप.

पण खरी परीक्षा वाटेत होती. टाइन डॉक ते कॉन्सेट अंतर सुमारे ३५ किलोमीटर. सुरुवात समुद्राच्या पातळीपाशी, शेवट अडीचशे मीटरांहून जास्त उंचीवर. साउथ पेलॉ जंक्शन सोडलं की बीमिश, ॲनफिल्ड प्लेन, लेडगेट असं करत रूळ चढतच राहतो, आणि काही ठिकाणी चढ पस्तीस फुटांमागे एक फूट होता. तुम्ही नाशिक रोडचे, तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कसारा-इगतपुरीचा थळ घाट ३७ फुटांमागे एक फूट चढतो, बोरघाटही तसाच. म्हणजे कॉन्सेटची वाट आपल्या घाटाहून काही जागी अंमळ जास्तच खडी. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात, तसाच तिथेही साउथ पेलॉला मागून ढकलणारं इंजिन लागे. पुढे एक ९एफ, मध्ये आठ-नऊ भरलेल्या वाघिणी आणि ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा), मागे बँकर. सातशे टनांच्या वर वजन. पावसाळी थंडीत, ओल्या रुळावर, दोन्ही इंजिनांचा धूर एकाच वेळी आभाळात. त्या काळच्या फोटोंत कॅबमधून वाकून मागे पाहणारा ड्रायव्हर दिसतो. मागचा बँकर खरंच ढकलतोय का, हे त्याला धुराकडे पाहूनच कळायचं.

१९५६ पासून दहा वर्षं ९एफने ही गाडी चढवली. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी ९२०६३ने वाफेची शेवटची खनिजगाडी नेली. त्यानंतर सगळं काम डिझेलकडे गेलं, आणि गंमत अशी की दारं उघडायची हवा डिझेललाही पुरवावी लागलीच. कॉन्सेटचा कारखाना १९८० साली बंद पडला. हजारो माणसांचं काम गेलं, पुढे रूळही उखडले. आज त्याच मार्गाच्या बऱ्याच भागावरून लोक सायकलने जातात. तुमच्या ९२०९७चं खरं रूप भंगारात गेलं. टाइन डॉकच्या दहांपैकी एकही वाचलं नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण एका कारखान्यासाठी, एका चढासाठी इतकं नेमकं घडवलेलं इंजिन दुसरीकडे सापडणं अवघड. म्हणूनच तुमच्या टेबलावरचं ते मॉडेल जपा.

आता जोडायचं काय? त्या ५६ टनी हॉपर वाघिणी तयार मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर प्लास्टिकच्या पातळ शीटमधून स्वतः बनवा. उतरत्या बाजू, दोन बोग्या, बाजूला हवेची नळी, एवढं आलं तरी डोळ्याला पटतं. आठ वाघिणी आणि ब्रेकव्हॅन ही पूर्ण गाडी झाली, घरातल्या रुळावर मावेल अशी. खऱ्या लांबीची मालगाडी घरात चालवायला मिळणं ही मॉडेलवाल्याच्या नशिबात क्वचित येणारी गोष्ट आहे. बहुतेकांना पन्नास वाघिणींच्या जागी दहांवर भागवावं लागतं.

एक सवय लावून घ्या. मॉडेल हातात आलं की आधी नंबर वाचायचा. ९एफच्या बाबतीत तर नंबर म्हणजे नोकरीचा पत्ताच. ९२०२० ते ९२०२९ ही दहा इंजिनं फ्रँको-क्रोस्टी पद्धतीच्या बॉयलरची. मुख्य बॉयलरच्या पोटाखाली पाणी आधीच तापवणारं दुसरं पिंप, आणि धूर बाजूच्या धुराड्यातून. कोळसा वाचवायचा हेतू होता, पण आम्ल धुराने पत्रा खाल्ला आणि बाजूचा धूर कॅबमध्ये शिरून माणसं हैराण झाली. पुढे ते पिंप बंद करून टाकलं. ९२१६५ ते ९२१६७ या तिघांना यांत्रिक स्टोकर (भट्टीत कोळसा टाकणारं यंत्र), बर्मिंगहॅमकडून कार्लाइलपर्यंतच्या लांब मालगाड्यांसाठी. हे इंजिन पन्नास कोळशाच्या वाघिणींना लावायचं की खनिजाला, हे नंबरच सांगतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. बाबांनी मला वाढदिवसाला ९एफचं मॉडेल मागवून दिलं. दहा चाकांतल्या अगदी मधल्या दोन चाकांना कडच नाही, नुसती सपाट आहेत. मित्र म्हणतो कारखान्यात चूक झाली, परत कर. परत करू का?
— सांगलीहून एक वाचक

उत्तर : मुळीच परत करू नकोस. खऱ्या इंजिनालाही तिथे कड नव्हती.

कारण सोपं आहे, कागदावर काढून बघ. ९एफच्या दहा चाकांच्या पाच जोड्या एका ताठ चौकटीत बसवलेल्या. पहिल्या जोडीपासून पाचवीपर्यंत अंतर २१ फूट ८ इंच, म्हणजे साडेसहा मीटरांहून थोडं जास्त. रूळ वळतो तेव्हा एवढी लांब सरळ चौकट त्या वळणावर कशी बसेल? दोन टोकं रुळावर धरली तर मधला भाग वळणाच्या एका बाजूला सरकतो. मधल्या चाकांना कड असती तर ती रुळाला घासून इंजिन वर उचललं गेलं असतं किंवा अडकलं असतं. म्हणून मधली जोडी सपाट आणि जरा रुंद ठेवली. ती रुळावर आडवी सरकत राहते, वजन मात्र पेलते. रिडल्स यांनी युद्धकाळात लष्करासाठी दहा चाकांची जी इंजिनं केली होती, त्यांतही हाच उपाय होता.

तुझ्या मॉडेलमध्ये हीच अडचण आणि हाच इलाज. फक्त लक्षात ठेव, घरातले रूळ खऱ्यापेक्षा फार जास्त वळतात. ३७१ मिलिमीटर त्रिज्येचं सगळ्यात लहान वळण या इंजिनाला देऊ नकोस. निदान ४३८ मिलिमीटरचं, म्हणजे त्याच्या पुढचं माप वापर. जागा असेल तर त्याहून मोठं. इंजिन वळणावर कसं वागतं ते डोळा रुळाच्या पातळीला आणून बघ. मधलं चाक रुळाच्या बाहेर किती डोकावतं ते स्पष्ट दिसेल, आणि मित्राला दाखवायलाही तेच उपयोगी पडेल.

याच सपाट चाकांपायी पुढे वेगळाच त्रास झाला. नव्या काळात इंग्लंडच्या काही सांध्यांवर आतली संरक्षक पट्टी रुळाहून उंच बसवायला लागले. सपाट चाक तिच्यावर आपटू शकतं. म्हणून जतन केलेली ९एफ इंजिनं आज तिथल्या मुख्य मार्गावर धावत नाहीत, वारसा रेल्वेच्या छोट्या मार्गांवरच चालतात.

प्रश्न : माझ्या वडिलांकडे हॉर्नबी या मॉडेल कंपनीचं हिरवं ‘ईव्हनिंग स्टार’ होतं. नंबर ९२२२०. धुराड्याला तांब्याची कड, मोटर इंजिनात नसून टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात. तेही ९एफच आहे ना? मग ते हिरवं का? आणि त्याला मालगाडी जोडली तर चालेल का?
— ठाण्याहून सौ. मृ. जो.

उत्तर : हो, तेही ९एफच, आणि ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. १८ मार्च १९६० रोजी स्विंडनला समारंभ करून त्याला नाव दिलं. नावासाठी कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवल्या होत्या. शेवटचं म्हणून त्याला प्रवासी इंजिनाचा हिरवा रंग आणि स्विंडनच्या जुन्या परंपरेतली तांब्याची कड. बाकीची २५० काळी. त्यामुळे तुमच्या वडिलांसारख्या अनेकांच्या घरात ९एफ हिरवंच पोचलं, आणि हे मालगाडीचं इंजिन आहे ही गोष्ट मागे पडली.

ईव्हनिंग स्टारने प्रवासी गाड्या ओढल्या हे मात्र खरं. कार्डिफच्या शेडने त्याला लंडनच्या एक्सप्रेसलाही लावलं. बाथ ते बोर्नमथ या सॉमरसेट आणि डॉर्सेट मार्गावर मेंडिप टेकड्यांतून ५० फुटांमागे एक फूट चढ. तिथे लांब प्रवासी गाड्यांना दोन-दोन इंजिनं लावावी लागायची. ९एफ आली आणि एकट्याने गाडी नेऊ लागली. ‘पाइन्स एक्सप्रेस’ ही त्या मार्गावरची मानाची गाडी ८ सप्टेंबर १९६२ रोजी शेवटची धावली, तेव्हा पुढे हेच इंजिन होतं.

पण एक बारकावा तुमच्या उपयोगाचा आहे. ९एफना डबे गरम करायची वाफेची व्यवस्था दिलीच नव्हती, कारण कोळशाला उब लागत नाही. त्यामुळे ती प्रवासी गाड्यांना फक्त उन्हाळ्यात लागत. तेव्हा तुमच्या देखाव्यात बर्फ पडलेलं स्टेशन असेल तर तिथे हिरव्या इंजिनामागे डबे नकोत. मालगाडी जोडा, ती बाराही महिने शोभेल.

वेगाचं म्हणाल तर पाच फुटी चाकांचं हे मालगाडीचं इंजिन कसं पळायचं याचं त्या काळच्या लोकांनाही नवल वाटलं. १९५८ साली ९२१८४ने स्टोकच्या उतारावर ताशी ९० मैल, म्हणजे जवळजवळ १४५ किलोमीटर गाठले. वरच्यांना ते फारसं रुचलं नाही. इतक्या लहान चाकांचे रॉड त्या वेगाला किती झटके खातात, हे ज्याने हाताने रॉड बसवलेत त्यालाच कळतं.

ईव्हनिंग स्टार १९६५ साली सेवेतून काढलं. पाच वर्षं! चांगल्या बॉयलरचं, चांगल्या चौकटीचं इंजिन चाळीस वर्षं सहज चाललं असतं. १९५५ सालीच ब्रिटिश रेल्वेने डिझेल आणि विजेचा आराखडा मंजूर केला होता, तरी पुढची पाच वर्षं ही इंजिनं बांधली जात राहिली. मला हे आजही पटत नाही. १९६८च्या उन्हाळ्यापर्यंत सगळी ९एफ गेली होती. नऊ वाचली, त्यातली बरीच साउथ वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून लोकांनी वर्गणी काढून सोडवलेली. ईव्हनिंग स्टार राष्ट्रीय संग्रहाचं.

वाचलेल्यांपैकी ९२२०३ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर १९६७मध्ये बिडस्टन गोदीपासून शॉटनच्या पोलाद कारखान्यापर्यंत वाफेची शेवटची खनिजगाडी त्याने नेली, आणि मग ते डेव्हिड शेपर्ड या चित्रकाराने विकत घेतलं. त्याने त्याला ‘ब्लॅक प्रिन्स’ नाव दिलं. शेपर्ड हत्तींची आणि वाघांची चित्रं काढायचा. भारतात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याने आपल्या वाघाच्या चित्राच्या प्रती विकून वाघांसाठी मोठा निधी उभा केला. आपलं मेळघाट त्या प्रकल्पाच्या पहिल्या नऊ राखीव वनांपैकी एक. ब्लॅक प्रिन्सने १९८२ साली सॉमरसेटमधल्या एका दगडखाणीत २,१७८ टनांची गाडी जागेवरून हलवली. ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनाने ओढलेली ती सगळ्यात जड गाडी. सेवेतून काढून पंधरा वर्षं झाली होती त्याला.

प्रश्न : मी दौंडचा निवृत्त ड्रायव्हर. उमेदीची वर्षं डब्ल्यूजी या आपल्याकडच्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर काढली. ९एफ आणि आपली डब्ल्यूजी यांत सरस कोण? उत्तर खरं द्या, देशाभिमान बाजूला ठेवून.
— ह. रा. क., दौंड

उत्तर : मास्तर, तुम्हाला खरं सांगतो, ताकदीत दोघं बरोबरीचे. ९एफची ओढ ३९,६६७ पौंड, डब्ल्यूजीची ३८,८९०. फरक दोन टक्क्यांचा. वाट मात्र दोघांची वेगळी.

डब्ल्यूजीला आठ ओढणारी चाकं आणि कॅबखाली मागे दोन लहान चाकं. ती मागची चाकं का, ते तुम्ही रोज पाहिलंय. आपल्या कोळशात राख फार. तेवढी वाफ करायची तर कोळसा जळतो ती जाळी मोठी लागते, ४५ चौरस फूट. एवढा रुंद फायरबॉक्स (इंजिनाची भट्टी) मोठ्या चाकांच्या मागे, खाली ऐसपैस बसवायचा तर त्याच्याखाली लहान चाकं हवीत. आपल्या रुळांना साडेअठरा टनांचा आस चालतो, म्हणून आठ चाकांवर ७४ टन वजन मिळतं.

इंग्लंडमध्येही आधी आठ आणि दोन चाकांचाच आराखडा विचारात होता. रिडल्स यांनी दहा चाकांचा हट्ट धरला. मागच्या लहान चाकांवर वजन वाया जाऊ नये, सगळं ओढणाऱ्या चाकांवर यावं, म्हणजे ओल्या चढावर चाक घसरणार नाही. साडेपंधरा टनांच्या पाच आसांवर साडेसत्याहत्तर टन पकड. म्हणून ते जवळजवळ कुठल्याही रुळावर जाऊ शकलं. याची किंमत अशी की ४०.२ चौरस फुटांचा रुंद फायरबॉक्स चाकांच्या डोक्यावर बसवावा लागला, त्यामुळे बॉयलर खूप उंच गेला. बाजूने पाहिलं तर बॉयलर आणि चौकटीमधून पलीकडचा उजेड दिसतो. मॉडेल विकत घेताना मी आधी तिथे पाहतो. तो उजेड दिसला नाही, मोटर लपवायला तो भाग बुजवलेला असला, तर इंजिनाचा चेहराच हरवतो.

घसरण्याच्या बाबतीत मी ९एफला झुकतं माप देईन. पण आपल्या कोळशावर, आपल्या उन्हात, आठवडेच्या आठवडे शेडचं तोंड न पाहता चालायचं असेल तर डब्ल्यूजी. चित्तरंजनचं पहिलं इंजिन ‘देशबंधू’ १९५० साली निघालं ते डब्ल्यूजीच, आणि १९७० पर्यंत एकूण २,४५० झाली. ९एफच्या जवळजवळ दसपट. आणि कामही त्यांनी भरपूर वर्षं केलं. ९एफला ते भाग्य मिळालं नाही, तो दोष इंजिनाचा नव्हे. डब्ल्यूजीचं चांगलं मॉडेल दुकानात सहज मिळत नाही ही खंत तुम्हालाही असणार. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, नातवंडांना घेऊन एकदा जाऊन या.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात इंजिन अडखळतं, थांबतं, धक्का दिला की पुढे जातं. शिवाय नवं मॉडेल फार चकचकीत दिसतं. खनिजाची गाडी आहे असं वाटतच नाही. दोन्हीवर उपाय?
— रत्नागिरीहून दि. सा.

उत्तर : पहिला दोष हवेचा. समुद्राजवळच्या दमट हवेत रुळांवर आणि चाकांवर काळपट थर चढतो आणि वीज पोचत नाही. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, मग चाकं. पॉलिश पेपर वापरू नका. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि मळ त्यांतच जास्त धरतो. वीज घेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या चाकाला टेकतात का तेही बघा. जुन्या टेंडर-मोटरच्या इंजिनात टेंडरच्या चाकांवर विशेष लक्ष द्या. जून ते सप्टेंबर इंजिन घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून जपा. रबरी टायर असतील तर त्यांना तेल लागू देऊ नका.

चकाकीसाठी आधी मॅट वार्निशचा अगदी पातळ हात मारा, खिडक्या आणि रॉड झाकून. सुकल्यावर खडूच्या पेस्टल कांड्या घासून भुकटी करा. तपकिरी-तांबडी खनिजाची, काळी काजळीची, आणि किंचित पांढरी. मऊ ब्रशने लावा. तांबडी भुकटी वाघिणींच्या आतल्या उतारावर आणि दारांच्या कडांवर जास्त, बाहेर कमी. इंजिनावर काजळी धुराड्यामागे, बॉयलरच्या माथ्यावर. पांढरी भुकटी फार थोडी, सेफ्टी व्हॉल्व्हपाशी आणि इंजेक्टरच्या नळ्यांखाली ओघळ आल्यासारखी. खरं पाणी उकळून उडालं की क्षाराचे तसेच ओघळ राहतात, आमच्या शेडमध्ये प्रत्येक इंजिनावर ते होते. कॅबवरचा नंबर मात्र स्वच्छ ठेवा. क्लीनर पोरं बाकी इंजिन पुसोत न पुसोत, नंबरावरून फडकं फिरवायचीच. भुकटी गिअर आणि पट्ट्यांत जाऊ नये म्हणून हे काम इंजिन उताणं न करता, सरळ उभं ठेवून करा, आणि शेवटी मोकळ्या ब्रशने चाकांच्या मागचा भाग झटका.